आठशे किलोमीटरवरून ताप मोजायचा कसा?

एप्रिल आला की या सदराचा इनबॉक्सपण तापतो. यावेळची निम्मी पत्रं उन्हाबद्दल आहेत आणि त्यातली बरीचशी चक्क सॅटेलाइटवरून तापमान मोजण्याबद्दल, म्हणून इन्व्हर्टरची बॅटरी आणि मिक्सरचं कपलिंगवाल्यांना या महिन्यात मागे बसवलंय. रागावू नका, पुढच्या अंकात तुम्हीच पहिले.

प्रश्न : ताई, बातम्यांत सांगतात की सॅटेलाइटने पृथ्वीवरच्या हवेचं तापमान मोजलं. पण सॅटेलाइट तर हवेच्या बाहेर असतो ना? तिथे थर्मामीटर लावला तर तो कशाचं तापमान दाखवणार? माझ्या मुलीने विचारलं आणि मी गप्प बसलो. (एक बाबा, भांडुप)

मुलीला माझ्याकडून एक कैरी द्या तिखटमीठ लावून, कारण हा प्रश्न इंजिनियरिंगच्या पोरांनाही पडत नाही, ती 'सेन्सर असतो' म्हणून मोकळी होतात.

थर्मामीटर बाहेर टांगला तर तो स्वतःचंच तापमान दाखवेल. उन्हात आला की वर, पृथ्वीच्या सावलीत गेला की धाडकन खाली, हवेचा काही संबंधच नाही. तेव्हा तुमची मुलगी बरोबर आहे, तसं करून चालत नाही.

करोनात सोसायटीच्या गेटवर वॉचमन कपाळावर गन रोखायचा ते आठवतंय? गन कपाळाला लागत नव्हती तरी ताप कळायचा, कारण कुठलीही वस्तू आपापल्या तापमानाप्रमाणे किरण सोडत असते, आपल्याला दिसत नाहीत पण गनला दिसतात. माझ्याकडे एसी रिपेअरवाल्यांकडे असते तशी जरा दणकट गन आहे (पंचवीस वर्षं कॅलिब्रेशन लॅबमध्ये काढली, घरात असल्या वस्तू साठतात). एकदा तव्यावर रोखली, २१० म्हणाली, ठीक. शेजारच्या बर्नरवर चकचकीत स्टीलच्या पातेल्यात पाणी खळखळ उकळत होतं, त्यावर रोखली तर ४५! पातेल्याला काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून टेपवर रोखली, लगेच नव्वदच्या वर. पातेलं तेच, पाणी तेच, पण चकचकीत पृष्ठभाग स्वतः फार कमी किरण सोडतो आणि समोरच्या भिंतीचे परतवून देतो, म्हणून गन फसते. हे पातेलं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग गच्चीवर जाऊन गन आकाशावर रोखली. जानेवारीतल्या कोरड्या, मोकळ्या रात्री उणे ७-८. जुलैत ढग अगदी डोक्यावर टेकले होते तेव्हा २२. म्हणजे वर काहीही न पाठवता, चपला घालून गच्चीवर उभं राहून ढगाच्या बुडाचं तापमान मिळालं की! सॅटेलाइट हेच करतो, फक्त उलट्या बाजूने, वरून खाली बघत. (गन सूर्यावर रोखू नका, बिघडेल आणि डोळेही जातील.)

फरक एवढाच की तो इन्फ्रारेडऐवजी मायक्रोवेव्ह लहरी पकडतो, साधारण ५० ते ६० गिगाहर्ट्झच्या. तुमच्या घरचा वायफाय २.४ नाहीतर ५ वर चालतो, त्याच्या दहापट वरच्या. या पट्ट्यात हवेतला ऑक्सिजन बोलतो. ऑक्सिजनच का? कारण तो सगळीकडे सारखा आहे, सुमारे २१ टक्के, दादर स्टेशनला पण आणि अंटार्क्टिकावर पण. पाण्याची वाफ कुठे जास्त कुठे कमी, ओझोनचं तसंच, पण ऑक्सिजनचं प्रमाण हलत नाही, म्हणून त्याच्याकडून येणारा सिग्नल वाढला की समजायचं तो गरम झालाय, दुसरं काही झालेलं नाही. शिवाय या लहरी बहुतेक ढगांतून आरपार येतात.

आता मुलगी विचारेल, कुठल्या उंचीचा ऑक्सिजन? तर कसारा घाटातलं धुकं आठवा. धुकं दाट असलं की पुढच्या गाडीचा टेललाइटच दिसतो, विरळ असलं की पुढचं वळणही दिसतं. ६० गिगाहर्ट्झच्या जवळ ऑक्सिजन म्हणजे दाट धुकं, सॅटेलाइटला फक्त वरचा थर दिसतो, साधारण १७ किलोमीटर उंचीच्या आसपासचा. थोडं बाजूला, ५३-५४ वर आलं की धुकं विरळ, मग ४-५ किलोमीटरपर्यंतचा थर दिसतो, आणि अजून बाजूला गेलं की थेट जमीन आणि समुद्र. वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी म्हणजे वेगवेगळ्या उंचीची खिडकी. खिडक्यांच्या कडा मात्र स्पष्ट नसतात, एकमेकांत मिसळलेल्या असतात, म्हणून 'अमुक उंचीचं तापमान' नाही मिळत, जाड थराची सरासरी मिळते. आणि खालच्या खिडकीत ते पातेलं येतं, कारण या लहरींसाठी समुद्र हा चकचकीत पातेल्यासारखाच आहे, त्याच तापमानाच्या जमिनीच्या जेमतेम निम्म्याहून थोडं जास्त सोडतो, तेवढा हिशोब वेगळा धरावा लागतो.

आता माझा आवडता भाग. आमच्या लॅबमध्ये थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमापक) आला की आधी बर्फाच्या पाण्यात, मग गरम बाथमध्ये, दोन टोकं पक्की केली की मधलं सगळं मोजता येतं. सॅटेलाइटवरचं यंत्र हेच करतं, आणि वर्षातून एकदा नाही, प्रत्येक स्कॅनला, म्हणजे दर काही सेकंदांनी. त्याचा आरसा फिरतो, पृथ्वीवरून झाडू मारल्यासारखा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातो, मग बाहेरच्या रिकाम्या अवकाशाकडे बघतो, ते उणे २७० अंशांचं, तिथे कधी बदल नाही, आपल्या बर्फाच्या पाण्याची जागा त्याने घेतली. मग आत बसवलेल्या एका काळ्या गरम ठोकळ्याकडे बघतो. आणि त्या ठोकळ्यात चक्क प्लॅटिनमचे थर्मामीटर खोचलेले असतात! तेव्हा मुलीला सांगा, थर्मामीटर वर आहेच, पण तो पृथ्वीचं नाही, ठोकळ्याचं तापमान मोजतो, आणि ठोकळ्यावरून पृथ्वीचं ठरतं.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते, नाहीतर पुढच्या महिन्यात 'आमच्या भांडुपचं किती?' म्हणून विचाराल. या यंत्राला सरळ खाली बघतानासुद्धा एका वेळी जवळजवळ ५० किलोमीटरचा ठिपका दिसतो. चर्चगेटपासून वसईपर्यंत एकच आकडा. गल्लीचं नाही सांगत ते.

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक ग्रुपवर फॉरवर्ड आला की 'सॅटेलाइटचा डेटा सांगतो, १९९८ पासून पृथ्वी तापलेली नाही, जमिनीवरचे थर्मामीटर शहरांत बसवलेत म्हणून आकडे फुगतात.' यात किती खरं? ग्रुपवर दोन तट पडलेत, सकाळचा वॉक बंद होईल अशी वेळ आहे. (द. म., शिवाजी पार्क)

काका, वॉक बंद करू नका. फॉरवर्डमध्ये थोडं खरं आहे आणि तेच तर अशा फॉरवर्डचं कसब असतं.

गोष्ट अशी. १९७८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेने टायरॉस-एन नावाचा हवामानाचा सॅटेलाइट सोडला, त्यावर हे मायक्रोवेव्ह यंत्र होतं. तो उद्याचा पाऊस सांगायला होता, पन्नास वर्षांचं हवामान मोजायला नाही. पुढे एकामागून एक डझनभराहून जास्त सॅटेलाइट गेले, काही चार-सहा वर्षं चालले, काही त्याहून बरेच जास्त. अमेरिकेत हंट्सविलला नासात असलेले रॉय स्पेन्सर आणि तिथल्याच अलाबामा विद्यापीठातले जॉन क्रिस्टी यांना सुचलं की हे सगळे तुकडे जोडून एक सलग नोंद करावी, आणि १९९० मध्ये त्यांनी ती 'सायन्स' या शास्त्रीय नियतकालिकात छापली. कल्पना खरंच झकास होती. पण त्यांच्या नोंदीत पृथ्वी तापताना दिसेना, उलट किंचित थंडच होताना दिसायची, आणि तिथून या वादाला सुरुवात झाली.

जोडणं किती कठीण ते सांगते, कारण सगळी मेख तिथे आहे. वाण्याने जुना काटा टाकून नवा आणला तर दोन दिवस दोन्हीवर तीच साखर तोलून बघायला हवी, किती फरक पडतो ते कळायला. इथे काटे ८०० किलोमीटरवर आहेत, आणि ते तिथे एका जागी राहत पण नाहीत. तेवढ्या उंचीवरसुद्धा हवेचा अगदी बारीक अंश असतोच, त्यात घासून सॅटेलाइट वर्षाला सरासरी किलोमीटरभर खाली येतो, सूर्य खवळलेला असला की वरची हवा फुगते आणि अजून जास्त. आता खालच्या थराचं तापमान हे लोक काढायचे ते सरळ खाली बघून आणि तिरकं बघून, दोन्हीतला फरक घेऊन. सॅटेलाइट खाली आला की तिरक्याचा कोन बदलतो, आणि तापमान उगीचच घटल्यासारखं दिसतं. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिमोट सेन्सिंग सिस्टिम्सचे फ्रँक वेन्ट्झ आणि मॅथियास शाबेल यांनी हे 'नेचर'मध्ये दाखवलं, आणि तेवढी एक दुरुस्ती केल्यावर दशकाला उणे ०.०५ अंश होतं ते अधिक ०.०७ झालं. उण्याचं अधिक! (या संस्थेला सगळे आरएसएस म्हणतात, ग्रुपवर लिहिताना पूर्ण नाव लिहा, नाहीतर तिसरा तट पडेल.)

दुसरी भानगड वेळेची. समजा एक माणूस रोज दुपारी २ वाजता सांताक्रूझला थर्मामीटर वाचतो, पण दर वर्षी त्याला पंधरा मिनिटं उशीर होत जातो. दहा वर्षांनी तो साडेचार वाजता येतोय, ऊन उतरलंय, आणि वहीत दिसतंय की मुंबई थंड झाली. दुपारचे सॅटेलाइट असेच काही वर्षांत संध्याकाळकडे सरकले. हंट्सविलवाल्यांनी याची दुरुस्ती केली होती, पण २००५ मध्ये कार्ल मियर्स आणि वेन्ट्झ यांनी दाखवलं की ती उलट्या दिशेने झालीये, मिळवायचं तिथे वजा केलंय. हे छापून आलं आणि हंट्सविलवाल्यांनी चूक मान्य करून आकडे बदलले, ट्रेंड दशकाला सुमारे ०.०३५ अंशाने वाढला. मला तर त्यांचं कौतुक वाटतं, आमच्या लॅबमध्ये सर्टिफिकेट मागे घ्यायची वेळ आली की साहेब लोक आठवडाभर तोंड लपवायचे.

आणि दुरुस्त्या एकाच बाजूला गेल्या असं पण नाही. २०१५ मध्ये हंट्सविलच्या नव्या आवृत्तीत ट्रेंड खाली आला, २०१७ मध्ये आरएसएसच्या नव्या आवृत्तीत वर गेला. आज खालच्या थरासाठी हंट्सविल म्हणतं दशकाला साधारण ०.१५ अंश, आरएसएस ०.२ च्या वर, आणि जमीन-समुद्रावरचे थर्मामीटर १९७९ पासून साधारण ०.२. तेव्हा सगळ्यात कमी सांगणारी नोंद घेतली तरी पृथ्वी तापतेय, आणि त्याच नोंदीत २०२४ सगळ्यात गरम वर्ष आहे. दोन टीमनी त्याच सॅटेलाइटच्या डेटावरून वेगळे आकडे काढावे हे बरं दिसत नाही, मान्य, पण भांडण किती तापली यावर आहे, तापली की नाही यावर नाही.

मग १९९८ कुठून आलं? त्या वर्षी जबरदस्त एल निनो होता, आणि एल निनोत जमिनीपेक्षा वरची हवा जास्त उसळते, म्हणून सॅटेलाइटच्या आलेखात १९९८ म्हणजे सुळका. तिथून मोजायला सुरुवात केली की पुढची बरीच वर्षं सपाट दिसणारच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, आता मी त्या दिवसापासून मोजायला लागले आणि म्हटलं की बघा मुंबईचा पाऊस संपला, तर तुम्ही मला गच्चीवरून ढकलाल.

शहरातले थर्मामीटर हा मुद्दा मात्र वेडगळ नाही, शहर तापतं हे आपण रोज भोगतो. पण पृथ्वीचा ७० टक्के भाग समुद्र आहे, तिथे कुठलं शहर? आणि ग्रुपवर अजून एक गोष्ट टाका, बघा कोण काय म्हणतं. तीच यंत्रं १७ किलोमीटरवरचा थर पण मोजतात आणि तो या काळात थंड झालाय. मध्ये दोनदा उड्या आहेत, १९८२ चा एल चिचोन आणि १९९१ चा पिनाटुबो ज्वालामुखी, त्यांच्या गंधकाच्या धुक्याने तो थर वर्ष-दोन वर्षं गरम झाला, एकूण मात्र उतार. सूर्य जास्त तापला असता तर वरचं खालचं दोन्ही गरम झालं असतं. खाली गरम आणि वर थंड हे कार्बन डायऑक्साइडचं लक्षण, वरच्या या थरात तर ओझोन विरळ झाल्याचाही मोठा वाटा आहे.

अजून एक गंमत, वाद घालताना उपयोगी पडेल. सॅटेलाइटच्या त्या खालच्या थराचं सरासरी तापमान उणे १० अंशांच्या आसपास असतं. कारण त्यात ८-९ किलोमीटरपर्यंतची हवा आली. म्हणून ते लोक कधी 'आज पृथ्वी इतके अंश' असं सांगत नाहीत, सरासरीपेक्षा किती वर किती खाली एवढंच सांगतात.

प्रश्न : इन्स्टावर मुंबईचा सॅटेलाइटचा लालभडक नकाशा फिरतोय, कुर्ला-गोवंडीला ४८ डिग्री. त्याच दिवशी वेधशाळेने ३४ सांगितलं. खोटं कोण बोलतंय? (एक कॉलेजकुमारी, चेंबूर)

कोणीच नाही, दोघं वेगळ्या गोष्टी मोजतायत. तो नकाशा हवेचा नाही, पृष्ठभागाचा. पत्रा, डांबर, स्लॅब यांच्या कातडीचं तापमान, इन्फ्रारेडने, म्हणजे माझी तवा-गन आकाशात बांधल्यासारखी. वेधशाळेचा थर्मामीटर सावलीत, जाळीच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास असतो आणि तो हवा मोजतो. दुपारी पत्र्यावर हात ठेवून बघ, मग पत्र्यापासून हातभर वर धर, कळेल.

बरं, असे नकाशे बहुतेकदा लॅन्डसॅट या अमेरिकन सॅटेलाइटचे असतात, आणि तो मुंबईवरून जातो सकाळी ११ च्या सुमारास. तेव्हा अजून खारा वारा नीट सुटलेला नसतो. मुंबईचं कमाल तापमान ठरवतो तो समुद्रावरचा वारा, तो दुपारी लवकर आला तर ३३, उशिरा आला तर मार्चमध्येसुद्धा ३८-३९. पत्र्याला त्याचं काही पडलेलं नसतं.

पण म्हणून नकाशा टाकाऊ नाही हं. पत्र्याखाली जो राहतो त्याच्या डोक्यावर तो ४८ डिग्रीचा तवाच आहे, रात्री झोप लागत नाही ती त्यामुळेच. त्याला वेधशाळेचं ३४ सांगून काय उपयोग? फक्त खाली 'हवेचं तापमान' लिहू नका, 'पृष्ठभागाचं' लिहा.

प्रश्न : आपला इस्रो हे करत नाही का? (अ. जो., डोंबिवली)

करतो. इन्सॅट-३डी २०१३ मध्ये गेला, मग २०१६ ला ३डीआर, २०२४ च्या फेब्रुवारीत ३डीएस. तिघांवरही १९ चॅनेलचा साउंडर, उंचीप्रमाणे तापमान आणि बाष्प मोजणारा. हे ३६,००० किलोमीटरवर एका जागी टांगल्यासारखे असतात म्हणून सतत आपल्यावरच नजर, पण साउंडर इन्फ्रारेड, त्यामुळे जुलैतले आपले ढग आले की खालचं दिसत नाही. मायक्रोवेव्ह का नाही लावत? कारण लहर लांब, अंतर प्रचंड, तेवढ्या लांबून तोच ५० किलोमीटरचा ठिपका बघायचा तर खोलीएवढा अँटेना लागेल. म्हणून मायक्रोवेव्हवाले खाली ८०० किलोमीटरवर ध्रुवांवरून चकरा मारतात, दिवसाला १४, आणि पृथ्वी खालून फिरत जाते.

प्रश्न : गेल्या जुलैत जाळ्यात एक पांढरा हलका डबा आला, त्याला दोरा आणि फाटलेलं रबर. पोरं म्हणतात सॅटेलाइट पडला. घरात ठेवू की नको? (वर्सोवा कोळीवाडा)

दादा, सॅटेलाइट असता तर जाळं उरलं नसतं! तो बहुतेक हवामान खात्याचा रेडिओसॉन्ड. सकाळी आणि संध्याकाळी साडेपाचच्या वेळेला जगभर एकाच वेळी असे फुगे वर असतात, आपल्याकडे सांताक्रूझहून सोडतात. डब्यात तापमान आणि दमटपणा मोजायचा सेन्सर आणि छोटा ट्रान्समीटर, तो वर जाताजाता आकडे पाठवत राहतो. फुगा वर वर जाताना फुगत जातो, २५-३० किलोमीटरवर फुटतो आणि डबा खाली येतो.

आणि जुलैतच तुमच्या जाळ्यात आला हे पटण्यासारखं आहे. पावसाळ्यात खाली वारा समुद्राकडून येतो, पण १४-१५ किलोमीटरवर तो उलटा, पूर्वेकडून जोरात वाहतो, म्हणजे वर गेलेला फुगा समुद्राकडे ढकलला जातो. थंडीत वरचा वारा पश्चिमेचा, तेव्हा तो घाटाकडे जात असेल, तिथे कुणाच्या तरी शेतात पडत असेल. वरच्या प्रश्नांतले सॅटेलाइटवाले आपले आकडे ताडून बघायला याच फुग्यांकडे येतात, तेव्हा पोरं अगदीच चुकली नाहीत, सॅटेलाइटचा नातेवाईक म्हणता येईल.

डबा ठेवा, निरुपद्रवी आहे. फक्त आतली बॅटरी काढून ई-कचऱ्यात द्या, खाऱ्या पाण्यात राहिलेली असेल तर गळायला लागते, आणि रबराचे तुकडे परत पाण्यात टाकू नका, कासवं खातात.